हात दिसतात ते व्हिडिओ: २०२५ ची माझी शिफारस

यंदा इंटरनेटवर एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर क्लिकस्प्रिंग या यूट्यूब चॅनेलवरची अँटिकिथेरा यंत्राची मालिका बघा. खाली आणखी बरंच लिहिलंय, ते सावकाश बघितलं तरी चालेल. ही मालिका मात्र सोडू नका.

शिफारस कोण करतंय हे कळल्याशिवाय ती घ्यायची की नाही ते ठरत नाही, म्हणून आधी माझ्याबद्दल. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, ड्रिल. साखर कारखान्यांचे गनमेटलचे बुश, पंपांचे शाफ्ट, कुणाचा दात तुटलेला गिअर नव्याने करून देणं, हा माझा धंदा. रात्री जेवणं झाली की तासभर मी व्हिडिओ बघतो, आणि वर्ष संपताना त्यातले निवडक मित्रांना, पाहुण्यांना आणि वर्कशॉपमधल्या पोरांना पाठवतो. यंदा पोरं म्हणाली, "अण्णा, नुसत्या लिंका नको, काय बघायचं तेपण लिहा." म्हणून हे लिहितोय.

माझी कसोटी साधी आहे. काम करणाऱ्याचा हात दिसला पाहिजे. हत्यार जॉबला, म्हणजे घडवायच्या वस्तूला, कुठं टेकतं, कट किती खोल जातो, मध्ये थांबून तो काय मोजतो, हे सगळं दिसलं पाहिजे. अर्ध्या मिनिटात गंजक्या पट्टीची चकचकीत तलवार करून दाखवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. त्यांत मधलं काम कापून टाकलेलं असतं, आणि मला बघायचं असतं ते मधलंच.

आता क्लिकस्प्रिंग. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमधला क्रिस नावाचा माणूस हे चॅनेल चालवतो. आधी त्याने पितळेचं एक उघड्या सांगाड्याचं घड्याळ पहिल्या प्लेटपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत बनवून दाखवलं. त्यातला स्क्रू निळे करण्याचा भाग मी पोरांना मुद्दाम दाखवतो. पोलादाचा स्क्रू पितळेच्या चुऱ्यात बसवून खालून आच द्यायची. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा आणि तिनशे अंशांच्या आसपास तो गर्द निळा होतो. त्या क्षणी उचलला तर ठीक, जरा रेंगाळलात तर रंग फिका पडून गेला. आपल्याकडे छिन्नीला पाणी दिल्यावर टेंपर, म्हणजे कडकपणा कितपत उतरलाय ते, रंगावरूनच ओळखतात. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा हे रंग असे एकामागून एक चढताना बघितले की डोक्यात पक्के बसतात.

२०१७ मध्ये त्याने अँटिकिथेरा यंत्र करायला घेतलं. १९०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून पुतळे आणि भांडी वर काढली, त्यांत गंजून दगड झालेला एक गठ्ठा होता. त्या गठ्ठ्यात दातेरी चक्रं होती. आज त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत आणि त्यांत ३० गिअर ओळखता येतात. दोन हजार वर्षांहून जुनं हे यंत्र. बाजूचा दांडा फिरवला की सूर्य-चंद्राच्या जागा, चंद्राच्या कला आणि ग्रहणं दाखवायचं. त्यातल्या एका गिअरला २२३ दात आहेत, कारण ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमासांनी पुन्हा येतं.

२२३ हा आकडा मिलिंगवर काम केलेल्या माणसाला लगेच खटकतो. ती मूळ संख्या आहे, कशानेही भाग जात नाही. वर्तुळाचे सारखे भाग पाडून देणाऱ्या साध्या डिव्हायडिंग हेडच्या प्लेटवर ती बसत नाही, डिफरेन्शियल इंडेक्सिंग ही जास्त किचकट रीत लावावी लागते. आयटीआयच्या परीक्षेत असा एखादा प्रश्न आला की पोरांना घाम फुटतो. ते गिअर कुणीतरी कंपास, छिन्नी आणि कानस घेऊन हाताने कापले. क्रिस नुसतं "हाताने केलं असेल" असं म्हणून सोडून देत नाही. मुख्य यंत्र तो आजच्या मशीनवर करतो, पण जोडीला त्याने एक वेगळी मालिका ठेवलीय. त्या काळच्या कारागिराकडे असू शकतील अशीच हत्यारं तो आधी बनवतो आणि मग ती वापरून बघतो. कानशीचाच भाग घ्या. मऊ लोखंडाच्या पट्टीवर छोट्या छिन्नीने एकेक दात उठवायचा, मागच्या दाताच्या उंचवट्यावर छिन्नीची धार टेकवायची म्हणजे पुढचं अंतर आपोआप सारखं पडतं, आणि मग केस हार्डनिंग करून वरचा थर कडक करायचा. ती कानस पुढे पितळेवर चालते. दुकानातून कानस आणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा भाग एकदा तरी पूर्ण बघावा.

या मालिकेची खरी गंमत पुढे आहे. यंत्राच्या पुढच्या तबकडीवर दिवस मोजायची एक कडी होती आणि तिच्याखाली बारीक भोकांची रांग. कडी तुटलेली, थोडाच भाग शिल्लक. बरीच वर्षं मानलं जायचं की पूर्ण कडीवर ३६५ भोकं असणार. क्रिसला प्रतिकृतीसाठी ती भोकं पाडायची होती, म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण चित्रांवरून उरलेल्या भोकांची मापं काढली. हिशेब आला ३५४ च्या आसपास, म्हणजे चांद्रवर्षाचे दिवस. २०२० मध्ये त्यांनी हे घड्याळशास्त्राच्या एका नियतकालिकात छापलं. पुढे २०२४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासातलं गणित या भोकांना लावलं आणि ३५४ किंवा ३५५ हाच आकडा सर्वांत जुळतो असं दाखवलं. त्याच गणितातून आणखी एक माप निघालं. भोकं ज्या वर्तुळावर पाडलीत, त्यापासून ती सरासरी फक्त ०.०२८ मिलिमीटर हललेली आहेत. माझ्या टेबलावरचा व्हर्नियर ०.०२ पर्यंत मोजतो. म्हणजे त्याच्या एका रेघेपेक्षा जरासा जास्त फरक, तोही दोन हजार वर्षांपूर्वी, विजेच्या दिव्याशिवाय. हे वाचून मी त्या रात्री कडीचा भाग पुन्हा लावला आणि भोकांशिवाय काही बघितलं नाही.

आपल्याला हे यंत्र परकं वाटण्याचं कारणच नाही. ३५४ आणि ३६५ मधले हे ११ दिवस भरून काढायलाच आपल्याकडे अधिक मास येतो. याच यंत्राच्या मागच्या बाजूला १९ वर्षांची, २३५ महिन्यांची तबकडी आहे, आणि आपल्या पंचांगातही साधारण १९ वर्षांत सात अधिक मास पडतात. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. १९ वर्षं मागे गेलात तर २००७ मध्येही अधिक ज्येष्ठच होता. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांचेपण अधिकाचे जावई असतील की!" तिला व्हिडिओतलं इंग्रजी कळत नाही, पण गिअर फिरताना ती शेवटपर्यंत बघत बसली.

एक अडचण सांगतो. या मालिकेच्या दोन भागांमध्ये महिनोन्‌महिने जातात. पुढचा भाग कधी येईल याची वाट बघत बसू नका. जे आहे ते पहिल्यापासून क्रमाने बघा. इंग्रजी सबटायटल लावा, तो हळू आणि स्वच्छ बोलतो.

दुसरी शिफारसही योगायोगाने उत्तर क्वीन्सलंडचीच. प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेलं असेल. जॉन प्लँट २०१५ पासून हे करतोय. अनवाणी, फक्त हाफ पँटवर, जंगलात जातो आणि हाताला मिळेल त्या दगड-माती-लाकडातून झोपडी, कौलं, भट्टी, भाता असं एकेक बनवतो. एक शब्द बोलत नाही, संगीत लावत नाही. बघितलं असेल तरी पुन्हा बघा म्हणतोय ते एका कारणासाठी. सबटायटल चालू करा. चित्राखाली तो सगळं लिहून ठेवतो, कुठली माती, ती का तडकली, कोळसा किती लागला. सबटायटलशिवाय बघणाऱ्याला यातलं निम्मंही मिळत नाही. त्याचे लोखंडाचे भाग माझे सर्वांत आवडते. ओढ्यात जिवाणूंमुळे साचणारा नारिंगी गाळ तो गोळा करतो, कोळशाच्या भुकटीत मिसळून भट्टीत घालतो, मातीच्या भात्याने वारा देत राहतो, आणि शेवटी राख चाळून मोहरीएवढे लोखंडाचे दाणे वेचतो. एवढ्या कष्टाला एवढंसं लोखंड! लेथखालचा बीड-लोखंडाचा चुरा आपण पोत्यात भरून भंगारात देतो. त्या व्हिडिओनंतर आमच्याकडची पोरं चुरा झाडताना जरा नीट झाडायला लागली, हे मी स्वतः बघतोय.

त्याच्या नकला करणारी चॅनेलं फार आहेत. दोन माणसं काठीने खणून जंगलात निळ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव करतात, असले. त्यांतल्या कित्येकांत कॅमेरा बंद असताना जेसीबी आणि मजूर काम करतात हे उघड झालेलं आहे. ते पोरांना दाखवू नका. काम किती अवघड असतं याबद्दल ते खोटं शिकवतात.

तिसरी गोष्ट व्हिडिओपेक्षा ऐकण्याची आहे, आणि यंदा मला सर्वांत जास्त हिनेच धरून ठेवलं. अपोलो इन रिअल टाइम नावाचं संकेतस्थळ आहे, फुकट. बेन फाइस्ट यांनी ते उभं केलं. त्यात अपोलो ११, १३ आणि १७ या अमेरिकेच्या चंद्रमोहिमा जशा घडल्या तशा, सेकंदाला सेकंद लावून मांडल्यात. चित्रं, फोटो, बोलणं, सगळं त्या-त्या वेळेला येतं. अपोलो ११ साठी नियंत्रण कक्षातलं तब्बल ११,००० तासांचं ध्वनिमुद्रण आहे. आपल्याला माहीत असतो तो चंद्रावरचा आवाज आणि ह्यूस्टनचा आवाज. इथं प्रत्येक टेबलावरचा माणूस आपल्या मागच्या खोलीतल्या माणसाशी काय बोलत होता ते ऐकता येतं.

कुठून सुरू करायचं ते सांगतो. अपोलो ११ उघडा, घड्याळ १०२ तास ३५ मिनिटांवर न्या आणि गायडन्सचं, म्हणजे यानाच्या मार्गावर आणि संगणकावर लक्ष ठेवणारं, टेबल निवडा. तीन-साडेतीन मिनिटांनी, यान चंद्रावर उतरत असतानाच, आर्मस्ट्राँग यांचा आवाज येतो, प्रोग्रॅम अलार्म, १२०२. यानातला संगणक कामाच्या ओझ्याने अडतोय. उतरायचं की माघारी फिरायचं हे काही सेकंदांत ठरवायचं होतं. गायडन्सच्या टेबलावरचे स्टीव्ह बेल्स २६ वर्षांचे होते, त्यांच्या मागच्या खोलीत जॅक गार्मन २४ वर्षांचे. गार्मन यांनी असे अलार्म आधीच कागदावर लिहून ठेवलेले होते, म्हणून त्यांना लगेच सांगता आलं की चालू द्या. ते घाईचं, दबक्या आवाजातलं बोलणं तुम्ही आज जसंच्या तसं ऐकू शकता. त्यानंतर सात मिनिटांनी यान उतरलं. आपल्याकडे तेव्हा २१ जुलै १९६९ च्या पहाटेचे पावणेदोन वाजून गेले होते.

माझ्या धंद्यातल्या माणसाला या फितींची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कक्षातली बोलणी ३० ट्रॅकच्या रुंद फितींवर नोंदली गेली होती. त्या वाजवू शकेल असं जुनं यंत्र शेवटी एकच उरलं होतं, ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात. ते एका वेळी एकच ट्रॅक वाचायचं, आणि पुढच्या ट्रॅकवर जायला हाताने दांडा फिरवायला लागायचा. अशाने फिती उतरवायला आयुष्य गेलं असतं. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने सगळे ३० ट्रॅक एकदम वाचणारा नवा हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, करवून घेतला आणि काम मार्गी लागलं. चंद्रावर गेलेल्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. पन्नास वर्षांनी ज्याने त्या म्हाताऱ्या यंत्रात नवा हेड बसवला त्याच्या कामाबद्दलही मला तितकाच आदर वाटतो.

हे मोबाइलवर नीट दिसत नाही. मोठा पडदा आणि हेडफोन घ्या. इंग्रजी जड जात असेल तर अपोलो १३ ने सुरुवात करू नका, ते फार लांब आणि गुंतागुंतीचं आहे.

चौथी शिफारस अस्वलांची, थोडक्यात. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीच्या धबधब्यावर कॅमेरे लावलेत, जुलैपासून थेट दिसतं. नदीच्या उलट्या दिशेने उड्या मारत जाणारे सामन मासे आणि धबधब्याच्या तोंडाशी उभी राहून त्यांना पकडणारी तपकिरी अस्वलं. तिथलं सकाळी आठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, जेवणानंतरची वेळ अगदी बरोबर जमते. माझी मुलगी यात पूर्ण गुंतलीय. अस्वलांना क्रमांक आहेत, सवयी आहेत. दरवर्षी शरद ऋतूत "फॅट बेअर वीक" भरतो, हिवाळ्यासाठी सर्वांत जास्त गुबगुबीत कोण झालं यावर लोक ऑनलाइन मत देतात. ४८० क्रमांकाच्या ओटिसने चार वेळा जिंकलंय. यंदा ३२ क्रमांकाचा चंक जिंकला, तोही जबडा मोडलेला असताना. घरात त्या दिवशी गोड झालं होतं. मुलगी दुसऱ्याच अस्वलाच्या बाजूने होती, तरी.

रेडिओ गार्डन हे कामावर लावायला. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबलं की त्या गावचं रेडिओ केंद्र सुरू होतं. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये हे सुरू झालं. ॲप आहे, साधं वापरलं तर पैसे लागत नाहीत. आमच्याकडे दुपारी लेथच्या आवाजावर कधी लिस्बन, कधी मापुटो चालू असतं. भाषा कळत नाही, पण बातम्या कुठल्या आणि जाहिराती कुठल्या हे चालीवरून ओळखता येतं. ढोलकीसारखं काही लागलं की हेल्पर पोरगा हातातली कानस खाली ठेवून ऐकतो, आणि मी त्याला ओरडत नाही.

आता मराठीचं. यादीत मराठी काहीच कसं नाही, असा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. मराठीत स्वयंपाकाचे व्हिडिओ उत्तम आहेत. शेतात चूल मांडून बाई भाकरी थापते, पीठ किती मळायचं ते हात दाखवतो, तव्यावर पाणी कधी फिरवायचं तेही दिसतं. माझ्या कसोटीला ते सगळे उतरतात, आणि बायको ते माझ्यापेक्षा जास्त चांगले निवडते, म्हणून तिच्याकडूनच घ्या. मला हवेत ते कारखान्यातले, सुतारांचे, लोहारांचे, तांबटांचे मराठी व्हिडिओ. नेमके तेच सापडत नाहीत. सापडले तर दोन मिनिटांचे, वर मोठ्याने संगीत, आणि कॅमेरा कारागिराच्या चेहऱ्यावर.

हे आमच्या कोल्हापुरात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. त्या कॅमेऱ्यावर पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये "सैरंध्री" पडद्यावर आला. शहरात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, दरवर्षी तिथं हार पडतात. पण तो कॅमेरा घडताना कुणाचे हात कुठं चालले, फिल्म पुढे सरकवणारं दातेरी चक्र त्यांनी कसं कापलं, हे बघायची आज काही सोय नाही. तेव्हा चित्रण करायला दुसरा कॅमेरा नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात एक आहे.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेले. झिजलेला लेथचा बेड, म्हणजे ज्यावर लेथचे भाग सरकतात तो पाया, ते स्क्रेपर नावाच्या खरवडणीने हाताने सपाट करतात. बेडवर निळा रंग लावायचा, सरळ पट्टी फिरवायची, निळं जिथं निघालं तो उंचवटा खरवडायचा, परत निळं. दिवसेंदिवस चालतं. हे काम करणारी माणसं आता उद्यमनगरात फार उरली नाहीत. दिवाळीनंतर मुलीने त्यांचं काम चित्रित करायला घेतलंय. मी तिला तीन गोष्टी सांगितल्यात. ट्रायपॉड हाताच्या उंचीला लाव, चेहऱ्याच्या नको. ते थांबून बोटाने चाचपतात, ते थांबणं कापू नकोस. आणि संगीत घालू नकोस, स्क्रेपरचा आवाज कट बरोबर बसतोय की नाही ते सांगतो, तो ऐकू आला पाहिजे. मिस्त्रींची एकच अट होती, आधी काम संपवीन, मग बोलीन. त्यामुळे बोलण्याचा भाग जानेवारीत होईल.

तुमच्या गावात असा कुणी असेल, तांबट, कासार, वीणकर, बैलगाडीचं चाक करणारा सुतार, आणि त्याचं काम कुणी पूर्ण चित्रित केलं असेल, तर मला पाठवा. तासाचा व्हिडिओ असला तरी बघेन, दोन तासांचा असला तरी. शेतीची अवजारं करणाऱ्या लोहाराचा असेल तर तो आधी पाठवा. विळ्याचे दात कसे पाडतात ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचंय.